बरणीसकट

कंटेनर शनिवारी निघायचा होता.
हमरियातल्या दुसऱ्या मजल्यावरची एकोणीस वर्षं
दिवाणखान्यात चार ढिगांत पडली होती:
न्यायचं, द्यायचं, विकायचं,
आणि चौथा ढीग, ज्याला नाव सापडेना.

त्यात रिमोटचे सेल, बुडाला पांढरी बुरशी धरलेले,
जुन्या कॅलेंडरात गुंडाळलेल्या तीन ट्यूबलाइट,
मुदत संपलेल्या गोळ्या, कशावरच्या ते कुणालाच आठवेना,
पोट फुगलेला एक मोबाइल.
दिगंबर म्हणाला, याला दाबू नकोस, दिवस भरलेत.
आणि माझी बरणी.

लिंबाच्या लोणच्याची. देवरुखहून आलेली.
लोणचं पहिल्याच उन्हाळ्यात संपलं.
पुढच्या उन्हाळ्यात केतकीला एकशे तीन ताप,
आणि त्याच रात्री दिगंबर कंपनीचं पत्र घेऊन घरी आला.
कोण काय बोललं ते सांगत नाही.
त्याचा पारा चढला, असं आपण सहज म्हणून जातो.
माझ्या हातातला मात्र खरोखरच पडला.

फरशीवर थेंब. थेंब तरी कसं म्हणू,
ओलं काहीच होत नव्हतं.
पुठ्ठा लावला की एकाचे सात,
आणि सातही तसेच गोल, तसेच चकचकीत,
पलंगाखाली पळणारे.
एसी बंद केला. खिडक्या उघडल्या,
तर बाहेरची चाळीस अंशांची रात्र आत येऊन बसली.
पोरीला शेजारच्या फिलोमिनाकडे दिलं
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर,
एक शब्द न बोलता,
लग्नपत्रिकेच्या कडेनं मणी जमवत राहिलो.
कुणाच्या लग्नाची पत्रिका, तेही बघितलं नाही.
पहाटे बरणीत पाणी, वर झाकण, झाकणाला चिकटपट्टी.
"उद्या कुठंतरी देऊन येतो," तो म्हणाला.

तो उद्या सतरा वर्षं सिंकखाली राहिला.

कचऱ्यात टाकवेना, पेटीत मांजरं शिरतात,
आणि पुठ्ठे वेचणारा तो माणूस, कोपरापर्यंत हात घालून.
बेसिनमध्ये ओतवेना.
वाडीत तर नाहीच. वर्षातून दोनदा वाहते बिचारी,
पण वाहते ती समुद्राकडेच,
आणि शुक्रवारी सुरमई आम्ही तिथलीच खातो.
केतकी आता मिरजेला डॉक्टरकी शिकते,
फोनवर किंचाळली, "आई, तो अजून घरात आहे?"
आहे.
घर आवरायला काढलं की मी बरणी उचलायचे,
खालचं पुसायचे,
परत तिथंच ठेवायचे.

गुरुवारी शाळेच्या पटांगणात गाडी आली,
असलं सगळं घेणारी.
नोआखालीचा शहादत, जाड हातमोजे, कपाळावर मिठाची रेघ.
सेल पिंपात. ट्यूबा लांब खोक्यात, तान्ह्या मुलासारख्या निजवून.
फुगलेला फोन वाळूच्या बादलीत.
"यात काय?"
"पारा."
त्यानं बरणी उन्हात धरली, हलवली नाही.
तळाशी एकच मणी होता.
सातांचा कधी एक झाला, मला कळलंही नव्हतं.

वजनाच्या रकान्यात त्यानं लिहिलं:
एक ग्रॅम.
मी म्हटलं, नीट बघा.
त्यानं नीट बघितलं. एकच.

"बरणी परत मिळेल?"
"बरणीसकट जाते, दीदी. काचेलाही आता हेच लेबल."
आणि लावलंच त्यानं ते,
देवरुखच्या झाकणावर, पिवळं, कवटीचं.

घरी आले तर दिगंबर सिंकखाली अर्धा आत,
गोल डाग घासत होता.
मालकाला फ्लॅट स्वच्छ द्यायचा म्हणून.
"दिलीस?"
"दिली."
जायचा नव्हताच तो डाग.
दुसरी घासणी अजून पॅक व्हायची होती,
ती घेऊन मीही गुडघ्यांवर बसले.